जमीन मंजुरी : आठ इंच

जळगावात आमच्या कॉलनीत कोणाला नवी गाडी घ्यायची असली की तो संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. हातात दोन चकचकीत माहितीपत्रकं असतात. चहा होतो, इकडचं तिकडचं होतं आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो : "काका, यातली ॲव्हरेज जास्त कोणती देते?"

या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. बायको आतून खोकते, म्हणजे "चिडू नका, शेजारी आहेत." मी चिडत नाही. मी फक्त उलट विचारतो, "भरलेली की रिकामी?" समोरचा गोंधळतो. त्याला वाटतं, म्हातारा चळला. माहितीपत्रकात असा रकाना नसतोच. कसा असेल? ते छापणाऱ्याने गाडीत कधी सासुरवाडीची माणसं बसवून घाट चढलेला नसतो.

मी एकतीस वर्षं धुळ्याला एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली बरीचशी फोरमन म्हणून. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे आणि ती तशीच चालू राहावी अशी इच्छा आहे. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड, एक कडुनिंब आणि दोन खड्डे. खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि आपण खाली उतरून तिचं पोट तपासायचं. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या खात्याच्या गाड्या आमच्याकडे यायच्या. इतरांना गाडी म्हणजे काच, रंग, गादी. मला गाड्या आठवतात त्या खालून. साहेब लोकांचे चेहरे मी विसरलो, पण कोणाच्या जीपचा सायलेन्सर कुठे गंजला होता ते आजही सांगेन.

लोकांना वाटतं मेकॅनिकचं काम अवघड असतं. काम सोपं असतं, कागद अवघड असतो. एका साहेबांच्या मोटारीतून टकटक आवाज यायचा. गाडी तीनदा आली. तीनदा मी चाकं उतरवली, पाटे कसले, बोल्ट आवळले. चौथ्यांदा साहेबांनी गाडीबरोबर लेखी मेमो पाठवला : "आवाज का सापडत नाही याचा आपण खुलासा करावा." मी वैतागून डिकीतली चटईच उपसून काढली, तर खाली अडकित्ता. साहेबांच्या सासऱ्यांचा. मी खुलाशात तसं लिहिलं. दोन दिवसांनी खुलासा परत आला, लाल शाईत शेरा होता : "सासरे हा शब्द वगळावा." मी वगळला. कागदावरून खरी गोष्ट कशी काढायची याची ती माझी पहिली शिकवणी होती. दुसरी महाग पडली, आणि तीच सांगायला बसलो आहे.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक आरोग्य केंद्र होतं. गावाला आपण बोरपाडा म्हणू. तिथे तायडे सिस्टर होत्या. मूळच्या बोदवडच्या, वडील रेल्वेत हमाल, आणि घराण्यात नोकरी करणारी पहिली मुलगी. उंचीला जेमतेम, पण आवाज असा की नाल्यापलीकडचा माणूस ऐकून थांबायचा. डॉक्टर असायचे तेव्हा असायचे. केंद्र चालायचं ते सिस्टरांवर आणि एका जुन्या जीपवर. ती जीप गफूरभाई चालवायचे. जीपचं वय इतकं झालं होतं की दरवाजा दोरीने बांधावा लागे. ती मोडीत काढायची वेळ आली आणि बोरपाड्याला नवी गाडी मंजूर झाली.

आता गाडी मंजूर झाली म्हणजे मिळाली असं नव्हे. नियम होता की दोन तरी वाहनं तपासायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मग समितीने ठरवायचं. तक्ता करणार मी. ठरवणार जळगावच्या वरच्या ऑफिसातली समिती, ज्यातल्या एकानेही बोरपाडा पाहिलेला नव्हता.

एका बाजूला नवी डिझेल जीप. दुसऱ्या बाजूला नुकतीच बाजारात आलेली पेट्रोलची बंद व्हॅन. या दोघींची तुलना करा म्हणणं म्हणजे बैल आणि टपालखात्याची सायकल यांची तुलना करा म्हणण्यासारखं होतं. पण हुकूम तो हुकूम.

मी प्रामाणिकपणे तीन दिवस चाचणी घेतली. पहिले दोन दिवस हायवेवर, धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव आणि परत. व्हॅनने जीपला लाज आणली. वेगात पुढे, तेलात कमी, वळायला कमी जागा. जीप साठच्या पुढे नेली की बोलणं बंद करावं लागे. व्हॅनमध्ये मात्र कुजबुज ऐकू येई. चाचणीला म्हणून मी तायडे सिस्टरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांनी व्हॅनमध्ये सलाईनची बाटली टांगली आणि एरंडोलपर्यंत तिच्याकडेच बघत बसल्या.

"भाऊ, बाटली हलली नाही हो!" त्या म्हणाल्या. "आमच्या जीपमध्ये मी एका हाताने बाटली धरते आणि दुसऱ्या हाताने पेशंट. माझं मत लिहा, हीच गाडी द्या."

मीही तेव्हा तेच म्हणालो असतो. जीपचे पाटे म्हणजे लोखंडाच्या जाड पट्ट्यांच्या स्प्रिंगा. रिकाम्या जीपमध्ये पाठ टेकून बसलेला माणूस उतरताना कमरेला हात लावूनच उतरतो. आजाऱ्याचे काय हाल होत असतील ते त्यालाच माहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही गाड्या बोरपाड्याला नेल्या. व्हॅन विकणाऱ्या कंपनीचा माणूस बरोबर होता, पांढरे बूट घालून. त्याला तिसरा दिवस नकोच होता. "हायवेचे आकडे पुरेसे आहेत," असं तो अमळनेरपासून म्हणत होता.

गावाच्या अलीकडे नाला होता. पूल नव्हता. नाल्याच्या मधोमध काळ्या खडकाचा एक पट्टा आडवा होता, आणि त्याच्या कण्यावरूनच गाडी काढावी लागे, कारण दोन्ही बाजूंना रेती. व्हॅन आली, जराशी डोलली आणि निघून गेली. पांढऱ्या बुटांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत लिहिणार, तेवढ्यात काठावर बसलेला एक म्हातारा उठून आला. सुकलाल आबा. कोरडवाहू ज्वारी पेरायचे, जंगलातून डिंक आणि मोहफुलं आणायचे. सिस्टरांच्या केंद्राला पाणी, लाकडं, निरोप, जे लागेल ते पुरवणारा माणूस.

"फोरमनभाऊ," ते म्हणाले, "रिकामी गाडी तं कोनी बी काढी लेई. भरीसन दखा."

कंपनीचा माणूस हसला. मी नाही हसलो, कारण मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं या धंद्यात, आणि गाडी भरून बघायची ही गोष्ट मला डिंक गोळा करणाऱ्या माणसाने सांगावी!

मग आबांनीच माणसं जमवली. एक जण पेशंट म्हणून झोपला, त्याच्या उशाशी बायको, पायाशी भाऊ, पुढे दोन काका, आणि ज्वारीची दोन पोती, कारण पेशंटबरोबर दवाखान्यात राहायचं तर शिधा न्यावाच लागतो. कंपनीचा माणूस ओरडला, "अहो, एवढी माणसं नियमात बसत नाहीत!"

"नियमात नाही, गाडीत बसवायची आहेत," गफूरभाई म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

खडकावर आल्यावर खर्र असा आवाज आला. मी नाल्यात आडवा झालो आणि गाडीखाली हात घातला. इथे थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. गाडीच्या पोटाचा सगळ्यात खालचा भाग आणि जमीन यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तिला ग्राउंड क्लीअरन्स म्हणतात. व्हॅनमध्ये सगळ्यात खाली असतं इंजिनचं चेंबर, म्हणजे तेलाची पत्र्याची परात. ते स्प्रिंगांवर टांगलेलं. माणसं बसली की गाडी खाली दबते आणि चेंबरही खाली येतं. जीपचं तसं नाही. तिच्यात सगळ्यात खाली असतो एक्सलचा लोखंडी गोळा. तो चाकांनाच जोडलेला असल्यामुळे वर दहा माणसं चढवा, तो आहे तिथेच राहतो, आणि दगडाला लागलाच तर दगड फुटतो.

टेप ओली होऊन अडकली, म्हणून मी बोटं लावून मोजलं. आमच्या धंद्यात बोटं खोटं बोलत नाहीत. जीप, रिकामी किंवा भरलेली, वीतभराला बोट कमी. म्हणजे आठ इंच. व्हॅन, रिकामी आठ बोटं. म्हणजे सहा इंच. व्हॅन भरलेली, सहा बोटं. नाल्यातल्या खडकाचा कणा सात बोटं. रिकामी पार, भरलेली अडकणार. बस्स, एवढाच हिशेब होता, आणि तो दोन बोटांचा होता.

सिस्टर काठावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मग भाऊ, जीपच लिहा. बाटली मी धरीन."

मी लिहिलं. सगळे रकाने भरले, आणि ग्राउंड क्लीअरन्सच्या रकान्यात भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही मापं घातली. शेवटी शेरा मारला : "रस्ता लक्षात घेता जीप योग्य." तक्ता इंग्रजीत होता, कारण गाड्यांची माहितीपत्रकं इंग्रजीत होती. इथे चौधरी भाऊसाहेब आले.

चौधरी भाऊसाहेब आमचे हेडक्लार्क. अत्यंत सज्जन, अत्यंत नीटनेटके, आणि मराठीवर जीव. त्याच सुमारास सगळा कारभार मराठीतून करावा असं परिपत्रक आलं होतं. इतर ऑफिसांनी ते फाईलला लावलं. भाऊसाहेबांनी ते मनाला लावलं. त्यांनी शब्दकोश घेऊन माझा तक्ता घरी नेला. क्लचचं त्यांनी "पकड" केलं, शॉक ॲब्सॉर्बरचं "धक्काशोषक". तिथवर ठीक. परत आलेल्या तक्त्यावर मी सही केली तेव्हा खड्ड्यावर गाडी उभी होती आणि माझे हात ग्रीसने भरलेले होते. मी नीट वाचलं नाही. ही चूक माझी.

महिन्याभराने जळगावहून फाईल परत आली. तिच्यावर शेरा होता : "तक्त्यातील रकाना नऊ, 'जमीन मंजुरी', याचा बोध होत नाही. सदर जमीन कोणाच्या मालकीची? गट क्रमांक व सातबारा उतारा जोडावा."

मी तक्ता उघडून पाहिला. "जमीन मंजुरी : जीप आठ इंच. व्हॅन सहा इंच." ग्राउंड म्हणजे जमीन. क्लीअरन्स म्हणजे मंजुरी. भरलेल्या व्हॅनचं माप तर त्यांनी गाळलंच होतं, कारण "एका वाहनाला दोन मंजुऱ्या कशा?"

"भाऊसाहेब, अहो हे काय केलंत?" मी म्हणालो.

"काय केलं? क्लीअरन्सला मंजुरीच म्हणतात. ऑडिट क्लीअरन्स, फॉरेस्ट क्लीअरन्स. वीस वर्षं फाईली क्लीअर करतोय मी, तुम्ही मला शिकवू नका."

"अहो, गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातली जागा आहे ती!"

"पोट?" भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "सरकारी कागदावर पोट लिहू?"

मी डोक्याला हात लावला. ग्रीस कपाळाला लागलं ते वेगळंच. तोवर आमच्या साहेबांनी परस्पर ती शंका अभिप्रायासाठी महसूलकडे धाडली होती. महसूलचं उत्तर दोन महिन्यांनी आलं : "आठ इंच क्षेत्राची नोंद आढळून येत नाही. मोजणी अर्ज सादर करावा." हे मी बनवून सांगत नाही. तो कागद मी हातात धरला होता.

शेवटी मी स्वतः जळगावला गेलो. समितीचं काम बघणारे साहेब समंजस होते. त्यांना मी गाडीचं पोट, खडक, सात बोटं, सगळं टेबलावर काड्यापेटी आणि पेपरवेट ठेवून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे जीपला आठ इंच मंजुरी लागते आणि व्हॅनला सहाच. बरं आहे की मग, व्हॅनला भानगड कमी."

मी पुन्हा काड्यापेटी उचलली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"फोरमन, हे बघा. मार्च संपायला नऊ दिवस आहेत. एकतीसला अनुदान परत जाईल, मग तुमच्या बोरपाड्याला ना जीप ना व्हॅन. त्या रकान्यामुळे फाईल तीन ऑफिसं फिरून आली. तो रकानाच काढून टाका. बाकीचा तक्ता स्वच्छ आहे. आज सही करून देतो."

"पण साहेब, जीपच्या बाजूने तेवढा एकच रकाना आहे."

"तुमचा शेरा आहे ना खाली, 'जीप योग्य'? समिती शेरा वाचते."

समिती शेरा वाचत नाही हे मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं. पण जुन्या जीपचा दोरीने बांधलेला दरवाजा माझ्या डोळ्यांसमोर होता. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं, असं मी मनाला समजावलं आणि माझ्याच पेनाने रकाना नऊवर रेघ मारली. सासरे वगळले होते तसेच.

समितीने रकाने मोजले. उरलेल्या आठही रकान्यांत व्हॅन सरस. एप्रिलमध्ये व्हॅन बोरपाड्याला गेली, झेंडूचा हार घालून.

व्हॅनवर उगाच आरोप करणार नाही. जूनपर्यंत ती फार छान चालली. सिस्टरांनी वर्कशॉपला पत्र पाठवलं की दोन पेशंट चोपड्याला अर्ध्या वेळेत पोचले. फक्त नाल्यापाशी एक पद्धत पडली होती. गाडी नाल्याच्या अलीकडे थांबायची. सगळे उतरायचे. पेशंटला स्ट्रेचरवर घेऊन चार जण नाला ओलांडायचे, गाडी रिकामी पार व्हायची आणि पलीकडे पेशंट पुन्हा आत. गावातली माणसं हसायची, "आठे पेशंट कोन शे, मानूस का गाडी?" आठे म्हणजे इथे. खडक फोडा म्हणून सिस्टरांनी तीन अर्ज केले. रस्तेवाल्यांनी कळवलं की नाला त्यांच्याकडे येत नाही, नालेवाल्यांनी कळवलं की वाट त्यांची नाही. गावकऱ्यांनी सब्बल-पहार घेऊन कणा थोडा छिलला, तर पहिल्या पुराने तिथे नवे धोंडे आणून टाकले.

पोळ्याच्या आगेमागे सुकलाल आबा ज्वारीतल्या मचाणावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. सिस्टरांनी बांबूच्या कामट्या बांधून पाय सरळ केला. हाड जागेवर होतं, असं त्या शपथेवर सांगत. दुपारची वेळ होती, नाल्याला गुडघाभर पाणी. नेहमीप्रमाणे गाडी थांबली. गफूरभाईंनी आरोळी दिली, "बठ्ठा जन उतरा!" चौघांनी स्ट्रेचर उचलली. मधोमध शेवाळावर पुढच्याचा पाय सरकला. स्ट्रेचर कलली, आबा पाण्यात पडले आणि बांधलेला पाय खडकावर आपटला. पलीकडे रिकामी व्हॅन व्यवस्थित पार होऊन उभी होती.

हे मला कोणी पत्राने कळवलं नाही. पुढच्या महिन्यात व्हॅन सर्व्हिसिंगला आली तेव्हा तायडे सिस्टर तिच्यातून उतरल्या. एरवी "जयभीम भाऊ, चहा पाजा," असं म्हणत यायच्या. त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या, आणि मी खाली गाडीखाली असतानाच सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नाल्यात आडवे होऊन बोटं लावली होती. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग कागदावरची ती बोटं गेली कुठे?"

मी वर आलो. हात पुसले. मार्च, अनुदान, महसूल, जमीन मंजुरी, सगळं सांगितलं. वाटलं होतं, भाऊसाहेबांच्या शब्दावर तरी त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे शब्द चुकला म्हणून खोडला," त्या म्हणाल्या. "शब्द दुरुस्त करायचा होता, भाऊ. खोडायचा कशाला?"

नऊ दिवस होते. नऊ दिवसांत मी भाऊसाहेबांशी भांडू शकलो असतो, तक्ता हाताने लिहून नेऊ शकलो असतो, त्या साहेबांना ओढत नाल्यावर नेऊ शकलो असतो. कदाचित अनुदान गेलंही असतं. पण मी तेवढं केलंच नाही, आणि एका रेघेत मोकळा झालो. मला राग येतो तो त्या समितीचा नाही. समित्या तशाच असतात. राग माझ्या पेनाचा येतो.

मग मात्र मी जे केलं ते नियमात बसणारं नव्हतं. व्हॅनचं चेंबर पुराने आणलेल्या धोंड्यांवर चेपलं होतं, तेवढ्या कारणावर मी लिहिलं, "वाहन डोंगराळ भागास अयोग्य, तालुक्याच्या दवाखान्यात वापरावे," आणि जोपर्यंत बदली जीप मिळत नाही तोपर्यंत ती व्हॅन खड्ड्यावरून उतरवलीच नाही. मेमो आला. खुलासा मागितला. मी खुलाशात नाला, खडक, आबा, मांडीचं हाड, एकही शब्द न वगळता लिहिला. तो टाईप करून घ्यायला भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. जुना तक्ता काढला, रेघ मारलेल्या रकाना नऊकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात तक्त्याचा नवा नमुना माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यात नववा रकाना होता : "उदर-भूमी अंतर, भारित अवस्थेत."

"आता बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर लोकांना "उदर-भूमी" पुढे दहा वर्षं कळलं नाही. पण तो रकाना आमच्या ऑफिसच्या तक्त्यातून पुन्हा कधी गेला नाही. "भारित" शब्द त्यांनी स्वतःहून घातला होता.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या ऑफिसची एक बऱ्या स्थितीतली जीप मिळाली. ती पोचवायला मी स्वतः बोरपाड्याला गेलो. व्हॅन गेली चोपड्याच्या दवाखान्यात, आणि डांबरावर ती वर्षानुवर्षं उत्तम चालली. गाडी खराब नव्हतीच कधी.

सुकलाल आबा केंद्राच्या ओट्यावर बसले होते. काठी शेजारी. मला पाहून उठले आणि दोन पावलं चालून दाखवली. डावीकडे झुकायचे, उजवीकडे वर उचलले जायचे. हाड एकावर एक चढून जुळलं होतं, पाय आखूड झाला होता. सिस्टरांनी त्यांना माझी सगळी कथा सांगितलेली होती.

"फोरमनभाऊ," ते हसत म्हणाले, "मना डावा पायनी जमीन मंजुरी कमी व्हई गई."

मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी खाली बसलो, त्यांचा डावा पाय धरला आणि टाचेखाली बोटं लावली. बरोबर दोन. व्हॅन भरल्यावर जेवढी खाली आली होती, तेवढीच.

बोरपाड्याची जुनी जीप तोवर आमच्या आवारात मोडीत पडून होती. धुळ्याला परतल्यावर मी तिच्या टायरचा तुकडा कापला, थरावर थर चिकटवून दोन बोटं जाड केला आणि मोच्याकडून एका वहाणेला शिवून घेतला. पुढच्या खेपेला ती वहाण घेऊन गेलो. आबांनी ती पायात घातली. अंगणात एक फेरी मारली. पाय सरळ पडत होते. सिस्टर दारातून बघत होत्या, गफूरभाई वा वा म्हणाले, आणि माझ्याही जिवात जीव आला.

"जमलं ना आबा?" मी विचारलं.

ओट्याशी लाकडांची मोळी पडली होती, तिच्याकडे आबा गेले, गुडघा टेकून ती डोक्यावर घेतली आणि हळूच उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "आते भरीसन दखूत."

आणि ते मोळी घेऊन नाल्याच्या वाटेला लागले. मी मागून चालत गेलो, डोळे त्यांच्या डाव्या टाचेवर.